मेरिटची मदत प्रवेशाच्या अर्जातच ठरते

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी निलंगा तालुक्यातला शेतकरी आहे. तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. थोरल्या मुलाला दहावीला ६१ टक्के पडले होते. एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून त्याला एका खासगी तंत्रनिकेतनात सरळ कॉलेजात जाऊन घातलं. "स्कॉलरशिप बसेल, तुम्ही काळजी करू नका" असं सांगितलं होतं. दोन वर्षं झाली, एक रुपया बसला नाही. कर्ज काढून फी भरतोय.

यंदा धाकटी मुलगी ९३.४० टक्क्यांनी पास झाली. सगळे म्हणतात लातूरला अकरावी सायन्सला टाका, नीटचे क्लास लावा. तिला मात्र इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. गावातल्या मोटारीचे स्टार्टर तीच उघडून बसते. परवा एका कॉलेजचा माणूस घरी आला होता. फी बासष्ट हजार आहे, पण मुलीला फुल स्कॉलरशिप देतो, शाळेचा मूळ दाखला आजच द्या म्हणाला. मुलगी म्हणते, "मला कुणाची सवलत नको, मार्कांवर मिळत असेल तर सांगा." आम्ही ओबीसी आहोत, दाखला आहे. उत्पन्न लाखाच्या आत आहे. मार्कांवर फी माफ होते हे खरं आहे का? आणि थोरल्याच्या वेळी आमचं काय चुकलं?
– एक वडील, निलंगा तालुका

भाऊ, नमस्कार.

सगळ्यात आधी एक काम करा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. तो माणूस पुन्हा आला तर चहा पाजा, माहितीपत्रक घ्या, पण मूळ कागद एकही देऊ नका. प्रवेशाच्या आधी मूळ दाखला मागायचं एकच कारण असतं, तुम्हाला दुसरीकडे जाता येऊ नये. मी तंत्रनिकेतनात बावीस वर्षं शिकवलं, त्यातली सात वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली. दाखला सोडवायला आलेले आई-बाप मी दर जुलैत पाहिले आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

आता थोरल्याचं. त्याचे मार्क कमी होते म्हणून स्कॉलरशिप बसली नाही, असं तुम्ही मनात धरून बसला असाल. तसं नाही. ६१ टक्क्यांच्या मुलालाही शिक्षण शुल्कात अर्धी सवलत मिळते, फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. तुम्ही त्याला सरळ कॉलेजात नेऊन बसवलंत. त्याला संस्थास्तरावरचा प्रवेश म्हणतात. या दाराने आत गेलेल्या मुलाला शासनाची फी-सवलत लागू होत नाही. पोरगं तेच, कॉलेज तेच, बाक तोच, फक्त दार वेगळं. ज्याने तुम्हाला "बसेल" म्हणून सांगितलं त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि यात तुमचा दोष नाही. पण घरात त्या पोराला कुणी "तुझ्या मार्कांमुळे" असं म्हटलं असेल, तर आजच्या आज ते मागे घ्या.

मुलीच्या बाबतीत म्हणूनच पहिली गोष्ट सांगते : गुणवत्तेवरची मदत प्रवेश झाल्यावर मागायची नसते. ती प्रवेशाच्या अर्जातच मागावी लागते. कोणता रकाना भरला, कोणता कोड टाकला, तो कितव्या क्रमांकावर टाकला, इथेच निम्म्याहून जास्त निकाल लागतो.

मार्कांवर फी माफ होते का? होते. त्या योजनेला टीएफडब्ल्यूएस म्हणतात, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता असलेल्या कॉलेजांत, शाखेनुसार, मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा या योजनेसाठी असतात. शाखेला साठ जागा असतील तर अशा तीन. पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि त्या जागा गुणवत्ता यादीच्या क्रमाने भरतात. कुणाच्या शिफारशीवर नाही, कॉलेजच्या मर्जीवर नाही. तेव्हा घरी आलेला माणूस "आम्ही फुल स्कॉलरशिप देतो" म्हणाला, ते त्याच्या हातात नाहीच. त्याचं कॉलेज ती देऊ शकत नाही, नाकारूही शकत नाही. तुमच्या मुलीला सांगा, ही सवलत नव्हे, हे तिनेच कमावलेलं आहे.

या जागांचा चॉईस कोड, म्हणजे कॉलेज आणि शाखा निवडायचा क्रमांक, वेगळा असतो. साध्या कोडच्या शेवटी इंग्रजी 'टी' अक्षर लागलं की ती फी-माफीची जागा. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना एकाच कॉलेजच्या एकाच शाखेसाठी दोन ओळी दिसतात, एक साधी, एक टी-वाली. नेट कॅफेवाला घाईत असतो, तो साधीच टाकतो. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. नोंदणीच्या अर्जातच विचारलेलं असतं, की तुम्हाला या योजनेसाठी विचारात घ्यायचं का. तिथे "नाही" झालं, की पुढचा रस्ता बंद.

एक मुलगी आठवते. औसा रस्त्यावरच्या एका खेड्यातली, ८९ टक्के, वडील वारलेले, आई मजुरीला. प्रवेश घेऊन टेबलापाशी आली तेव्हा मी सहज विचारलं, टीएफडब्ल्यूएस का नाही घेतलं? तिला तो शब्दच माहीत नव्हता. मी तिच्या अर्जाची प्रत मागितली. चार घड्या घातलेला कागद, घड्यांवर फाटत आलेला, तिने टेबलावर सरळ केला. तिसऱ्या पानावर तो रकाना होता आणि त्यासमोर "नो". तिने भरलं नव्हतं. भरणाऱ्याने विचारलं नव्हतं. त्या वर्षी त्या शाखेची टी-वाली शेवटची जागा तिच्याहून कमी मार्कांच्या मुलाला गेली होती. मी यादी काढून बघितली, आणि तिला सांगितलं नाही. आजही वाटतं, सांगायला हवं होतं का. तिला दुसऱ्या योजनेतून अर्धी फी मिळाली, उरलेली आईने कशी भरली ते मला माहीत आहे.

म्हणून अर्ज भरून झाला की छापील प्रत काढा आणि मुलीला मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येक ओळ. सुविधा केंद्रावर कागद तपासून अर्ज पक्का होईपर्यंत दुरुस्ती करता येते, नंतर ते अवघड होऊन बसतं.

टीएफडब्ल्यूएसचे दोन काटेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. एक, माफ होतं ते फक्त शिक्षण शुल्क. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, बस, गणवेश हे सगळं भरावंच लागतं. बासष्ट हजारांतले शिक्षण शुल्क किती आणि बाकीचं किती, हे कॉलेजकडून लिहून मागा. तोंडी नको. दुसरा काटा जास्त टोचतो : या जागेवर बसलेल्या विद्यार्थ्याला पुढे कॉलेज बदलता येत नाही, शाखाही बदलता येत नाही. बाकीच्या मुलांना दुसऱ्या वर्षाला बदलीची संधी असते, यांना नाही. फी वाचते म्हणून नको असलेली शाखा घेतली, तर तीन वर्षं तीच.

आणि इथेच तुमच्या मुलीची गोष्ट मुलांपेक्षा वेगळी होते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. आधी ते पन्नास टक्के होतं. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख, आणि अट तीच, प्रवेश कॅपमधून हवा. म्हणजे कॅपमधून साध्या जागेवर बसली तरी तिचं शिक्षण शुल्क शासन भरणार आहे. टी-वाली जागा मिळाली तर ते सुरुवातीलाच माफ, साध्या जागेवर ते महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या, अर्जातून. फरक आहे तो पैसे हातात येण्याच्या वेळेचा. महाडीबीटीचे पैसे हप्त्यांनी येतात आणि बऱ्याचदा उशिरा येतात, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर ऑप्शन फॉर्ममध्ये सगळ्यात वर शासकीय तंत्रनिकेतनं टाकली असती. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. मुलींसाठी शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनही लातूरलाच आहे, तिथे इलेक्ट्रिकल आहे का ते माहिती पुस्तिकेत बघा. शासकीय ठिकाणी फी मुळातच इतकी कमी असते की टी-वाल्या जागेच्या मागे लागून हात बांधून घेण्यात अर्थ नाही. तिथे साधा कोड वर टाका. शासकीयच्या खाली खासगी कॉलेजं टाकाल तेव्हा मात्र उलट करा : टी-वाला कोड आधी, साधा कोड नंतर. तोही फक्त त्या कॉलेजचा, जिथे ती तीन वर्षं आनंदाने जाईल. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो पक्का धरला जातो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत शोभेचा कोड टाकू नका.

संचालनालयाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या कट-ऑफ याद्या असतात. एक संध्याकाळ काढून त्या बघा. थोरला मोबाइलवर दाखवेल. टी-वाल्या जागेचा कट-ऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा सहसा चढा असतो, कारण तीन जागांवर सगळ्यांचा डोळा असतो. ९३.४० ही ताकद आहे, पण ती ताकद कुठे पुरते हे यादीत आकड्यांनीच दिसेल.

आता मुलीने विचारलेल्या "मार्कांवर" याचं दुसरं उत्तर. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती. फक्त मुलींसाठी. वर्षाला ५०,००० रुपये, थेट मुलीच्या खात्यात. तंत्रशिक्षणाच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. देशभरात पदविकेसाठी ५,००० जणींना मिळते, राज्यांमध्ये वाटून. निवड दहावीच्या गुणांवर. अर्ज महाडीबीटीवर नाही, तो नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा, आणि प्रवेश झाल्यानंतर. मिळेलच अशी हमी मी देत नाही. पण न भरलेल्या अर्जाला मात्र नक्की काही मिळत नाही, आणि माझ्या टेबलावर दर वर्षी चांगल्या मार्कांच्या दहा-बारा मुली अशा निघायच्या ज्यांनी तो भरलाच नव्हता. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल दिव्यांग असेल तर त्याच धर्तीची 'सक्षम' आहे, आई-वडील गमावलेल्या मुलांसाठी 'स्वनाथ' आहे. तीही ५०,००० रुपयांचीच.)

प्रगती घेणाऱ्या मुलीला दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेता येत नाही. तेव्हा हिशेब करावा लागेल. ती शासकीय तंत्रनिकेतनात गेली तर हिशेब सोपा आहे : तिथलं शिक्षण शुल्क थोडं, ते खिशातून भरून प्रगतीचे पन्नास हजार घेणं केव्हाही शहाणपणाचं. त्यात मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, येणं-जाणं सगळं निघतं. खासगी कॉलेजात गेली तर शंभर टक्के शुल्काचा लाभ खात्रीचा, प्रगती स्पर्धेची. तिथे महाडीबीटी सोडू नका, आणि प्रगतीच्या यादीत नाव आलंच तर कोणती ठेवायची ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी कळवा. दोन्हीकडचे पैसे आले तर ते परत करताना होणारी धावपळ मी पाहिली आहे, ती नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, तो आजच सेतूत टाका. निकालानंतर तिथे रांग असते. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर. आणि बँकेचं खातं मुलीच्या नावावर, आधारशी जोडलेलं. बँकेत "आधार लिंक आहे" एवढं ऐकून परत येऊ नका. "डीबीटीचे पैसे याच खात्यात येतील ना?" असं विचारा. कारण खात्याला आधार जोडलेला असणं आणि अनुदान त्या खात्यात वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती मुलींचे पैसे आईच्या जुन्या जनधन खात्यात, नाहीतर कुठल्याच खात्यात न जाता अडकून राहिले, त्याची गणती नाही. सगळ्या कागदांवर नाव एकाच स्पेलिंगने आहे का तेही बघा. आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

महाडीबीटीचा अर्ज दर वर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे तीन वर्षांचं झालं, असं नसतं.

अकरावी सायन्सबद्दल. लातूरचा पॅटर्न नाव कमावून आहे, त्यात वावगं काही नाही. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचंय तिने तिकडे जावं. तुमची मुलगी मोटारीचा स्टार्टर उघडून बसते. पंधरा वर्षांची पोर, हातात टेस्टर घेऊन, वायर जळाली का कॉन्टॅक्ट झिजला ते शोधते, आणि तिला तेच शिकायचंय. हे मार्कांपेक्षा दुर्मीळ आहे भाऊ. माझ्या वर्गात ९० टक्क्यांची मुलं पुष्कळ यायची, पण ज्याला यंत्राची ओढ आहे असं पोर साठात चार-पाच. आणि डिप्लोमा केला म्हणजे पदवीचा रस्ता संपत नाही. तीन वर्षांनंतर डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, तेव्हा पदवीसाठीच्या प्रगती शिष्यवृत्तीचा अर्जही पुन्हा करता येतो. निर्णय तिचा असू द्या. पाहुणे-रावळे चार दिवस बोलतील, शिकायला तिला जायचंय.

फक्त एक गोष्ट तिला आत्ताच सांगून ठेवा. दहावीच्या मार्कांनी मिळालेली मदत पुढे टिकते ती सेमिस्टर पास होण्यावर. वर्ष मागे राहिलं, ज्याला मुलं वायडी म्हणतात, की प्रगतीचं नूतनीकरण होत नाही. मराठी माध्यमाची हुशार मुलगी पहिल्या सेमिस्टरला गडबडते. गणित तेच असतं, पुस्तक इंग्रजीत असतं. माझ्याकडे एकजण होती, वर्गात उत्तर सगळ्यात आधी तिच्या वहीत असायचं आणि हात मात्र वर जायचा नाही, कारण ते इंग्रजीत कसं म्हणायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या चाचणीत तीस पैकी नऊ. तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी अशा द्वैभाषिक शिक्षणाची सोय केली आहे, कॉलेजात ती आहे का ते विचारा. नसली तरी पहिले दोन महिने तिने लाजू नये, मराठीत विचारावं. कुठल्याही चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

आणि थोरल्याचा रस्ताही बंद झालेला नाही. त्याचं तिसरं वर्ष पुढ्यात आहे. त्याने जीव लावून मार्क काढले आणि पुढे पदवीला जायचं ठरवलं, तर थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही कॅपमधूनच होतो. या वेळी त्याच दाराने जा. कॅपमधून जागा मिळाली की उत्पन्नाच्या मर्यादेत राहून ओबीसी विद्यार्थ्याची शुल्क-सवलत त्याला पदवीसाठी लागू होते. जे डिप्लोमाला गेलं ते परत येणार नाही, पण पदवीची फी त्याहून मोठी असते, आणि तिथे अर्धा भार उतरला तरी तुमच्या कर्जाला फरक पडेल. बहिणीचा अर्ज भरताना त्यालाच सोबत बसवा. फसलेल्या माणसाइतकं बारीक कुणी वाचत नाही.

सुविधा केंद्रावर जाल तेव्हा अर्जाच्या छापील प्रतीवर तो टीएफडब्ल्यूएसचा रकाना पेनाने गोल करा, त्यासमोर "येस" आहे हे दोघा बहीण-भावांना बघू द्या, मग सही करा. पहिल्या फेरीत काय लागलं ते मला दोन ओळीत कळवा. ऑप्शन फॉर्म पाठवलात तर फेरीच्या आधी मी तो बघून देईन.